आतल्या व्हीएमला मालक कोण दिसतो? नेस्टेड व्हर्च्युअलायझेशनमधल्या हायपरव्हायजर-ओळखीची पार्श्वभूमी

संभाजीनगर, नांदेड, लातूरकडच्या कॉलेजांत क्लाउड आणि नेटवर्किंगची प्रॅक्टिकलं आता बहुतेक नेस्टेड व्हीएमवर, म्हणजे व्हर्च्युअल मशिनच्या आतल्या व्हर्च्युअल मशिनवर, येऊन ठेपतात. विंडोजचा लॅपटॉप, त्यावर व्हर्च्युअलबॉक्स किंवा व्हीएमवेअर वर्कस्टेशन, त्यात उबुंटू आणि उबुंटूत केव्हीएम, म्हणजे लिनक्सचा स्वतःचा हायपरव्हायजर (व्हीएम चालवणारं सॉफ्टवेअर). मग कुठेतरी अडतं. केव्हीएम म्हणतं व्हीटी-एक्स (इंटेल प्रोसेसरमधली व्हर्च्युअलायझेशनची सोय) नाही, हायपरव्हायजर ओळखणारी सिस्टीमडी-डिटेक्ट-व्हर्ट ही आज्ञा भलतंच नाव सांगते, नाहीतर विंडोजची सिस्टीमइन्फो 'हायपरव्हायजर सापडला आहे' एवढंच बोलून गप्प बसते. 'बायोसमध्ये जाऊन व्हर्च्युअलायझेशन चालू करा' हा लॅबमधला ठरलेला सल्ला. तो दहा वर्षांपूर्वी बहुतेक वेळा लागू पडायचा, आज क्वचित पडतो.

व्हीएमच्या आत व्हीएम ही कल्पना जुनीच. आयबीएमच्या मेनफ्रेमवर १९७२ च्या व्हीएम/३७० पासून नवी आवृत्ती जुन्या आवृत्तीच्या आत चालवून तपासत. १९७४ च्या एका निबंधाने प्रोसेसर व्हर्च्युअलाइझ होण्याजोगा कधी म्हणायचा, याच्या अटी मांडल्या. इंटेलचा एक्स८६ त्यात बसत नव्हता. त्याच्या सतरा सूचना अशा होत्या की त्या संवेदनशील (मशिनची स्थिती वाचणाऱ्या किंवा बदलणाऱ्या) असूनही त्यांच्यावर हायपरव्हायजरला पहारा ठेवता येत नसे. त्यातलीच एसआयडीटी ही सूचना वापरून २००४ मध्ये एका संशोधिकेने 'रेड पिल' दाखवली: एका सूचनेत कळतं की आपण व्हीएममध्ये आहोत. २००५ अखेर इंटेलचं व्हीटी-एक्स आणि २००६ मध्ये एएमडीचं तंत्र आलं, आणि ती फट बुजली.

त्यानंतर 'ओळखणं' म्हणजे चोरून शोधणं राहिलं नाही. सरळ विचारायचं आणि समोरच्याने सांगायचं, असा व्यवहार सुरू झाला. सीपीयूआयडी या प्रोसेसरची माहिती विचारणाऱ्या सूचनेच्या १ क्रमांकाच्या पानावर (उत्तराच्या गटात) ईसीएक्स रजिस्टरचा ३१ वा बिट राखून ठेवला गेला. तो १ असेल तर वर हायपरव्हायजर आहे. हेक्साडेसिमल ४००००००० या पानावर बारा बाइटांची सही असते. व्हीएमवेअर आपलं नाव दोनदा लिहितं, केव्हीएम तीनदा. २००८ मध्ये सगळ्यांनी सहीपुढची पानंही एकाच पद्धतीने भरावीत, असा प्रस्ताव लिनक्सच्या विकासकांपुढे आला होता. एकमत झालं नाही. पुढच्या पानांचा अर्थ ज्याचा त्याचा राहिला. केव्हीएमने विंडोज गेस्टला (आत चालणाऱ्या सिस्टीमला) बरं वाटावं म्हणून मायक्रोसॉफ्टच्या हायपर-व्ही या हायपरव्हायजरची सही ४००००००० या पानावर लावायची आणि आपली सही १०० पानं पुढे सरकवायची सोय केली (हे १०० पण हेक्साडेसिमल), तेव्हा लिनक्सला दर १०० पानांनी सही शोधत जाण्याची सवय लावून घ्यावी लागली.

केव्हीएममध्ये नेस्टिंग आधी एएमडीसाठी, २००९ मध्ये आलं. इंटेलसाठीचं काम २०१० च्या एका निबंधातून मांडलं गेलं आणि २०११ मध्ये लिनक्स ३.१ मध्ये दाखल झालं. एल-शून्य (खऱ्या मशिनवरचा हायपरव्हायजर), एल-एक (त्यातली व्हीएम, जी स्वतः हायपरव्हायजर चालवते), एल-दोन (तिच्या आतली व्हीएम) ही थरांची नावं तिथूनच लोकांच्या तोंडी बसली. इंटेलवर गेस्टने सीपीयूआयडी विचारली की एक्झिट होतेच (ताबा गेस्टकडून हायपरव्हायजरकडे जातो), टळत नाही. एल-दोनने विचारलं की प्रश्न आधी एल-शून्यकडे जातो, कारण खरा प्रोसेसर त्याच्याच हातात आहे. तो प्रश्न एल-एककडे सोपवतो आणि उत्तर एल-एक देतो. आपल्याकडच्या शेताच्या हिशेबात सांगायचं तर पोटकुळाला विचारलं, जमीन कोणाची, तर तो कुळाचं नाव सांगेल. सातबारावर कोण आहे हे त्याला ठाऊक असेलच असं नाही. म्हणून आतल्या व्हीएममधून मिळालेलं नाव फक्त लगतच्या वरच्या थराचं असतं, आणि तेही त्या थराने जे सांगायचं ठरवलं तेच.

आणि सांगायचं काय, हे पुष्कळदा सोयीने ठरतं. व्हर्च्युअलबॉक्सने २०१५ च्या ५.० आवृत्तीपासून लिनक्स गेस्टला केव्हीएमची सही दाखवायला सुरुवात केली. गेस्टचं घड्याळ नीट चालावं हा हेतू. परिणाम असा की नुसती सही वाचणारं हत्यार व्हर्च्युअलबॉक्सला केव्हीएम म्हणू लागलं. सिस्टीमडीला मग काही बाबतीत आधी डीएमआयमधलं (मशिनच्या फर्मवेअरने नोंदवलेलं) नाव पाहावं लागलं. एनव्हिडियाच्या जीफोर्स ग्राफिक्स कार्डाचा ड्रायव्हर व्हीएम दिसताच 'एरर ४३' देऊन बसायचा, तेव्हा केव्हीएम लपवण्याची पद्धत रूढ झाली. २०२१ मध्ये कंपनीने ती अट सैल केली, पण लपवायच्या ओळी जुन्या कॉन्फिग फाइलींतून आजही कॉपी होत फिरतात. व्हीएमवेअरच्या गेस्टमध्ये हायपर-व्ही बसवताना 'आधीच हायपरव्हायजर चालू आहे' अशी तक्रार येई. त्यावर ३१ वा बिट खाली पाडणारी एक ओळ व्हीएमएक्स (व्हीएमच्या सेटिंगच्या) फाइलीत टाकत. ती ओळ टाकून विसरलेलं मशिन नंतर स्वतःला खरं हार्डवेअर समजतं.

पण आपल्या लॅबमधल्या बहुतेक अडचणींचं मूळ यात नाही. ते मायक्रोसॉफ्टच्या एका निर्णयात आहे, आणि त्यावर अजून दोन तट आहेत. २०१५ च्या विंडोज १० पासून पासवर्डसारख्या गोष्टी वेगळ्या कप्प्यात ठेवण्यासाठी हायपर-व्ही वापरायची सोय आली. ती चालू असली की आधी हायपर-व्ही उठतो आणि विंडोज त्याच्यावर एक विभाग म्हणून चालतं. म्हणजे ज्याला आपण होस्ट म्हणतो, तोच हायपरव्हायजरच्या आत असतो. सिस्टीमइन्फोची ती ओळ खऱ्या व्हीएममध्ये येते तशी अशा लॅपटॉपवरही येते. दोन्हींत फरक करायचा तर हेक्साडेसिमल ४००००००३ या पानावर ईबीएक्सचा ० क्रमांकाचा बिट पाहावा लागतो: नवे विभाग तयार करायचा हक्क फक्त मूळ विभागाला असतो. टास्क मॅनेजर मात्र 'व्हर्च्युअलायझेशन: एनेबल्ड' असं छान लिहून दाखवतो. तेही खरंच असतं. फक्त ते हायपर-व्हीने घेतलेलं असतं.

सुरुवातीला हे मोठ्या कंपन्यांच्या मशिनपुरतं होतं. व्हर्च्युअलबॉक्सने २०१८ च्या अखेरीस ६.० मध्ये हायपर-व्हीवर कसंबसं चालायची वाट काढली. खिडकीच्या कोपऱ्यात हिरवं कासव दिसलं की समजावं. व्हीएमवेअर वर्कस्टेशन २०२० च्या १५.५.५ या आवृत्तीत त्याच वाटेने आलं, पण त्या वाटेवर आतल्या गेस्टला व्हीटी-एक्स देता येत नाही, असं ते स्पष्ट सांगतं. त्याच वर्षी डब्ल्यूएसएल-२, म्हणजे विंडोजमध्येच हायपर-व्हीच्या आधाराने लिनक्स चालवायची सोय, आलं. डॉकरचं प्रॅक्टिकल करताना ते पोरांनी स्वतःच्या हाताने चालू केलं, आणि पुढच्या सेमिस्टरला नेस्टेड व्हीएम अडल्यावर त्याचा संबंध कोणाच्या लक्षात आला नाही. २०२१ मध्ये विंडोज ११ आलं आणि नव्या मशिनवर हा कप्पा आपोआप चालू येऊ लागला. २०२२ च्या २२एच२ पासून एंटरप्राइज आणि एज्युकेशन आवृत्त्यांत पासवर्ड जपणारा क्रेडेन्शियल गार्डही आपोआप आला. कॉलेजांच्या परवान्यांत बहुधा एज्युकेशनच असतं.

सुरक्षेची बाजू खोटी नाही. चोरीला गेलेला पासवर्ड ही काल्पनिक भीती नव्हे. पण याच काळात मायक्रोसॉफ्टने गेम खेळणाऱ्यांसाठी हे बंद कसं करायचं ते लिहून दिलं. व्हर्च्युअलायझेशन शिकणाऱ्याला ते बहुतेक वेळा एरर वाचूनच उमगलं. शिवाय विंडोज ११ वर त्यांचं स्वतःचं डब्ल्यूएसएल-२ आतल्या लिनक्सला नेस्टिंग देतं. त्याच लॅपटॉपवर व्हीएमवेअरमधलं उबुंटू रिकाम्या हाताने बसतं. दार बंद आहे असं म्हणता येत नाही. ते घरच्यांसाठी उघडं आहे.

म्हणून तपास एल-दोनपासून वर न जाता सगळ्यात वरच्या, म्हणजे बाहेरच्या थरापासून आत करावा लागतो. आधी विंडोज स्वतः कशावर चाललं आहे ते पाहायचं. मग एल-एकमध्ये प्रोक-सीपीयूइन्फो फाइलीतले दोन झेंडे वेगवेगळे वाचायचे: 'हायपरव्हायजर' म्हणजे ३१ वा बिट, इंटेलवर 'व्हीएमएक्स' म्हणजे ५ वा. पहिला आहे आणि दुसरा नाही, तर एल-एक व्हीएम आहे एवढंच कळलं, नेस्टिंग मिळालेलं नाही. एल-एकमध्ये दोन्ही हवेत. लिनक्स होस्टवर केव्हीएमचं नेस्टिंग इंटेलसाठी आपोआप चालू झालं ते २०१८ अखेरच्या ४.२० पासून; त्याआधीच्या कर्नलवर मॉड्यूलचा पर्याय हाताने द्यावा लागतो.

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा आधार संपला आणि लॅबांची सरमिसळ झाली. इंटेलच्या सातव्या पिढीपर्यंतची जवळजवळ सगळी मशिनं विंडोज ११ च्या यादीत बसत नाहीत, ती जुन्या विंडोजवर किंवा लिनक्सवरच आहेत, आणि हा कप्पा कोणी चालू केलेला नसेल तर त्यांच्यावर नेस्टेड प्रॅक्टिकल निमूट चालतं. विंडोज १० वरून अपग्रेड केलेल्या मशिनवर जुनी सेटिंग टिकू शकते, पण एंटरप्राइज आणि एज्युकेशन आवृत्त्यांत क्रेडेन्शियल गार्ड अपग्रेडनंतरही आपोआप चालू होऊ शकतो. नवीन आलेल्या मशिनवर तीच व्हीएम फाइल उघडली की व्हीटी-एक्स नसल्याची पाटी येते.