कवटीला छप्पर नसलेला मासा

न शिजवलेल्या बासमतीचा एक दाणा तळहातावर घ्या. जवळपास तेवढ्याच लांबीत डोळे, कल्ले, कणा आणि पोटात अंडी असलेली एक वयात आलेली मादी मावते. पेडोसायप्रिस प्रोजेनेटिका हे या माशाचं नाव. मोजलेली सर्वांत लहान प्रौढ मादी भरली ७.९ मिलिमीटर.

सुमात्रा आणि शेजारच्या बिंतान बेटावरच्या दलदलीच्या जंगलांत तो राहतो. तिथली जमीन सतत पाण्यात. गळलेली पानं, फांद्या पुरत्या कुजतच नाहीत. थरावर थर साचून त्यांचं पीट बनतं. त्यातून झिरपणारं पाणी कडक कोऱ्या चहाच्या रंगाचं आणि पीएच ३च्या आसपास, म्हणजे शुद्ध पाण्याच्या दहा हजार पट आम्लधर्मी. असल्या पाण्यात काय सापडणार, असंच बराच काळ वाटत होतं. २००६ मध्ये मॉरिस कोटेला, राल्फ ब्रिट्झ आणि सहकाऱ्यांनी या माशाचं वर्णन प्रसिद्ध केलं.

गंमत म्हणजे हा आपल्या रोहू-कटल्याच्या गणातला. रोहू मीटरभर वाढतो; मग हा एवढासाच का? कारण त्याची वाढ मध्येच थांबते. अंग पिल्लासारखं पारदर्शक राहतं, कित्येक हाडं तयारच होत नाहीत आणि मेंदूवर कवटीचं छप्परही येत नाही. अंडी घालायचं काम मात्र थांबत नाही. अंगाने पोर, पण संसाराला लागलेलं! नावातला ‘पेडो’ म्हणजे ग्रीकमध्ये मूलच.

नराचं एक अंग मात्र पोरवयाचं नाही. त्याच्या पोटाखालच्या परांना दणकट स्नायू आणि आकड्यासारखा भाग असतो. बहुधा मादीला धरून ठेवायला.

सर्वांत लहान पृष्ठवंशीय प्राणी म्हणून त्याचा गाजावाजा झाला, पुढे न्यू गिनीतल्या एका बेडकाने तो मान हिरावला. मला स्वतःला या चढाओढीपेक्षा त्याचं उन्हाळ्यातलं जगणं जास्त नवलाचं वाटतं. पाणी आटलं की मोठ्या माशांची पंचाईत होते. याला दलदलीत उरलेलं एखादं डबकंही पुरतं.

पण तेलताडाच्या मळ्यांसाठी कालवे खणले, की ती डबकीही उरत नाहीत. पाणी उतरतं, पीट वाळतं आणि एकदा पेटलं की जमिनीखाली आठवडेच्या आठवडे धुमसत राहतं.