पांढरी कावीळ आणि दुसरा रिपोर्ट

रक्तदान शिबिर होऊन काही दिवस जातात आणि रक्तपेढीतून फोन येतो. ‘एकदा प्रत्यक्ष येऊन जा, फोनवर नाही सांगता येत.’ शिबिरात गोळा झालेल्या प्रत्येक पिशवीची एचआयव्ही, हिपॅटायटीस बी, हिपॅटायटीस सी, सिफिलिस आणि मलेरिया या पाच आजारांसाठी तपासणी करावीच लागते. त्यातलं काहीतरी निघालेलं असतं. ज्याला फोन येतो तो ढोल-ताशा पथकात तासन्‌तास ढोल वाजवणारा पस्तिशीतला धडधाकट माणूस असू शकतो. काहीजण एचआयव्हीच्या धास्तीनं जातच नाहीत. जे जातात त्यांच्या हातात एक कागद पडतो: ‘एचबीएसएजी रिॲक्टिव्ह. डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.’ म्हणजे हिपॅटायटीस बी, यकृताला सूज आणणाऱ्या विषाणूची कावीळ.

घरी आल्यावर आरशात डोळे बघितले जातात. डोळे पांढरेशुभ्र. मग कसली कावीळ?

आपल्या बोलीत या आजाराला ‘पांढरी कावीळ’ म्हणतात. शब्दशः घेतलं तर हे नाव विचित्र आहे, कारण कावीळ म्हणजेच पिवळेपणा. पण आजाराचं वर्णन म्हणून ते चपखल बसतं. दूषित पाण्यातून येणारे हिपॅटायटीस ए आणि ई हे पिवळे करणारे पाहुणे: ताप, मळमळ, गडद लघवी, पिवळे डोळे, आणि बहुतेकांच्या बाबतीत काही आठवड्यांत आपोआप रजा. (गरोदरपणातला ई हा मात्र गंभीर अपवाद.) गावोगावच्या कावीळ उतरवणाऱ्यांची दुकानं याच आपोआप बरं होण्यावर चालतात. हाताला आधी आंब्याच्या सालीचा रस लावायचा, मग चुन्याच्या पाण्यात हात धुवायचे, की पाणी पिवळं होतं आणि कावीळ ‘उतरते’. अंधश्रद्धा निर्मूलनाच्या कार्यकर्त्यांनी हा प्रयोग निरोगी माणसांच्या हातांवर करून दाखवलेला आहे. त्यांच्याही हातांची कावीळ उतरते.

बी आणि सी मात्र रक्तातून, असुरक्षित शरीरसंबंधातून किंवा आईकडून बाळाला जातात. २००९ मध्ये गुजरातमधल्या मोडासा भागात बीची जीवघेणी साथ आली, तेव्हा दवाखान्यांत पुन्हा पुन्हा वापरलेल्या सुया हे तिचं कारण निघालं. जत्रेत एकाच सुईनं रांगेतल्या सगळ्यांचं गोंदण करणं किंवा वस्तऱ्याचं तेच पातं पुढच्या गिऱ्हाइकाला लावणं हेही त्याच जातीचे धोके. एकत्र जेवल्यानं, मिठी मारल्यानं, एका ग्लासातून पाणी प्यायल्यानं हे विषाणू पसरत नाहीत.

अमिताभ बच्चन यांनी स्वतःची गोष्ट जाहीरपणे सांगितलेली आहे. १९८२ मध्ये ‘कुली’च्या चित्रीकरणात झालेल्या अपघातानंतर मुंबईत त्यांना सुमारे २०० दात्यांचं रक्त चढवलं गेलं आणि त्यातून हिपॅटायटीस बी शिरला. कळलं ते साधारण वीस वर्षांनी, नेहमीच्या तपासणीत. तोवर यकृताचा तीन चतुर्थांश भाग निकामी झाला होता. त्या वीस वर्षांत त्यांनी किती सिनेमे केले ते आठवून पाहा. यकृत इतकं सोशिक असतं.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२४ च्या अहवालानुसार जगात २५ कोटी ४० लाख लोकांना दीर्घकालीन बी आणि ५ कोटी लोकांना सी आहे. भारतात बीचे जवळपास ३ कोटी, सीचे सुमारे ५५ लाख. जगभरात बी असलेल्यांपैकी जेमतेम १३ टक्क्यांचं निदान झालंय, उपचार मिळतात सुमारे ३ टक्क्यांना. भारतात तर निदान झालेले शंभरात तीनसुद्धा नाहीत. म्हणजे रक्तपेढीचा फोन आलेला माणूस एका अर्थानं नशीबवान. त्याला निदान कळलं तरी.

पण कळलं म्हणजे नेमकं काय कळलं? गफलत इथूनच सुरू होते.

एचबीएसएजी हा विषाणूच्या बाहेरच्या आवरणाचा तुकडा. बरूच ब्लूमबर्ग हे अमेरिकी शास्त्रज्ञ १९६० च्या दशकात विषाणू शोधतच नव्हते. माणसामाणसांतले आनुवंशिक फरक ते रक्तात शोधत होते. एका ऑस्ट्रेलियन आदिवासीच्या रक्तात त्यांना एक अनोळखी प्रथिन सापडलं. म्हणून जुने डॉक्टर अजूनही त्याला ‘ऑस्ट्रेलिया अँटिजेन’ म्हणतात. त्या प्रथिनाचा माग हिपॅटायटीस बीपर्यंत गेला, १९७६ मध्ये ब्लूमबर्गना नोबेल मिळालं, आणि त्यांचा वाढदिवस, २८ जुलै, हा जागतिक हिपॅटायटीस दिन ठरला.

एचबीएसएजी पॉझिटिव्ह म्हणजे विषाणू आत्ता शरीरात आहे. रिपोर्टवर याच्याच शेजारी अँटी-एचबीएस नावाची तपासणी असू शकते. ती पॉझिटिव्ह असेल तर गोष्ट उलटी: लशीमुळे किंवा जुना संसर्ग बरा झाल्यामुळे तुमच्याकडे संरक्षण आहे. नावं जुळ्या भावांसारखी आणि अर्थ विरुद्ध. नुसता ‘पॉझिटिव्ह’ शब्द वाचून रात्रभर जागणारे आणि नुसता ‘अँटी’ वाचून निर्धास्त होणारे, दोघांनीही ओळ पूर्ण वाचायला हवी.

एचबीएसएजी सहा महिन्यांनंतरही टिकला तर संसर्ग दीर्घकालीन मानतात. प्रौढपणी लागण झाली तर ही वेळ शंभरात पाचांपेक्षाही कमी जणांवर येते. जन्मताच लागण झाली तर सुमारे नव्वदांवर. बाळाची प्रतिकारशक्ती या विषाणूला घरचाच समजते आणि वर्षानुवर्षं त्याच्या वाटेला जात नाही. रक्तात विषाणू कोटींनी असतो आणि यकृताचे रिपोर्ट मात्र नॉर्मल. विषाणू स्वतः यकृताची पेशी मारत नाही. मारते ती आपली प्रतिकारशक्ती, ज्या दिवशी तिला जाग येते तेव्हा. हे पंचविशीत होईल, चाळिशीत होईल, पुढे-मागे होत राहील. मोडलेल्या पेशींतून एएलटी हे विकर (एन्झाइम) रक्तात सांडतं, म्हणून आजचा नॉर्मल एएलटी फक्त आजच्यापुरतं बोलतो.

या पार्श्वभूमीवर ‘काळजी करू नका, तुम्ही फक्त कॅरिअर आहात’ हे वाक्य मला घातक वाटतं. कॅरिअर म्हणजे जणू दुसऱ्याचं पार्सल न उघडता पुढे पोचवणारा. पार्सल त्याच्याच घरात उघडणार आहे, हे त्याला कुणी सांगत नाही. कागद कपाटात जातो आणि दहा वर्षांनी पोटात पाणी झाल्यावर बाहेर निघतो.

खरा रिपोर्ट दुसरा असतो. बीसाठी रक्तातलं विषाणूच्या डीएनएचं प्रमाण, एचबीईएजी (विषाणू जोमानं वाढत असल्याची खूण), एएलटी, आणि यकृत किती कडक झालंय याचा अंदाज. या शेवटच्यासाठी फायब्रोस्कॅनच हवा असं नाही. वय, प्लेटलेट आणि दोन साध्या विकरांच्या आकड्यांवरूनही तो बांधता येतो. यावरून औषध आत्ता सुरू करायचं की सहा महिन्यांनी पुन्हा बघायचं ते ठरतं. औषध नाही म्हटलं तरी तारीख असतेच. सिरॉसिस (यकृतावर कायमचे व्रण पडून ते कडक होणं) झालेल्यांनी, आणि कर्करोगाचा धोका जास्त असलेल्या इतरांनीही, दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी करायची, कारण बीमध्ये सिरॉसिस नसतानाही यकृताचा कर्करोग होऊ शकतो. आणखी एक गोष्ट क्वचितच सांगितली जाते: केमोथेरपी, दीर्घकाळ स्टेरॉइड किंवा प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं घ्यायची वेळ आली तर डॉक्टरांना हा जुना कागद आधी दाखवायचा. दबलेला बी अशा वेळी उसळतो.

टेनोफोव्हिरची रोजची एक गोळी विषाणूचं छापणं थांबवते. साचा मात्र मोडत नाही. पेशीच्या केंद्रकात विषाणूनं आपल्या डीएनएची एक बंद, गोल प्रत दडवून ठेवलेली असते आणि तिथवर आजचं औषध पोचत नाही. म्हणून ‘रिपोर्ट चांगला आला’ म्हणून गोळी परस्पर बंद केली की छापखाना पुन्हा सुरू होतो, कधीकधी आधीपेक्षा जोरात.

दुसरा रिपोर्ट घरातल्यांचाही हवा. नवरा-बायको, मुलं, भावंडं आणि आई. ज्यांना लागण नाही आणि संरक्षणही नाही त्यांना लस, प्रौढांना साधारण ०, १ आणि ६ महिन्यांनी. पण नेमकं इथेच तोंड मिटतं. लग्न ठरायचंय, सासरी कळलं तर काय, कंपनीच्या मेडिकलमध्ये आलं तर काय. ही भीती खोटी नाही. मात्र लपवण्याची सगळ्यात महाग किंमत बाळ मोजतं. गरोदरपणात आईची तपासणी झाली असेल तर गरजेप्रमाणे तिला शेवटच्या महिन्यांत टेनोफोव्हिर देता येतं, बाळाला जन्मल्यापासून २४ तासांच्या आत लस आणि जोडीला इम्युनोग्लोब्युलिनचं (तयार प्रतिपिंडांचं) इंजेक्शन देता येतं, आणि पुढे सहा, दहा व चौदा आठवड्यांचे डोस आहेतच. एवढं झालं की बहुतेक बाळं सुटतात. आई अंगावर पाजू शकते. बाळ नऊ महिन्यांचं झाल्यानंतर त्याची एकदा तपासणी करायची असते आणि ती हमखास विसरली जाते, कारण तोवर बाळ रांगत असतं, हसत असतं, डोळे पांढरे असतात.

हिपॅटायटीस सीची गोष्ट निराळी. त्याचा आरएनए (विषाणूचा जनुकीय मजकूर) केंद्रकात शिरतच नाही, मागे साचा ठेवत नाही, म्हणून तो मुळापासून काढता येतो. १९८९ मध्ये हा विषाणू ओळखला गेला (त्यासाठीचं नोबेल २०२० मध्ये मिळालं) आणि २०१३ च्या डिसेंबरमध्ये सोफोसबुव्हिर या त्यावरच्या औषधाला अमेरिकेत मान्यता मिळाली. एका गोळीची किंमत हजार डॉलर, बारा आठवड्यांचे ८४ हजार. पुढच्याच वर्षी भारतीय कंपन्यांना परवाने मिळाले आणि किंमत कोसळली. २८ जुलै २०१८ ला सुरू झालेल्या राष्ट्रीय विषाणूजन्य हिपॅटायटीस नियंत्रण कार्यक्रमात बी आणि सी दोन्हींची तपासणी आणि औषधं सरकारी उपचार केंद्रांत मोफत आहेत. सीमध्ये बारा आठवड्यांच्या गोळ्यांनी शंभरात पंचाण्णवच्या आसपास रुग्ण बरे होतात. त्यावर लस मात्र नाही, आणि बऱ्या झालेल्यालाही पुन्हा लागण होऊ शकते.

इथेही पहिला कागद अपुरा आहे. अँटी-एचसीव्ही (सीविरुद्धच्या प्रतिपिंडांची तपासणी) पॉझिटिव्ह म्हणजे विषाणू कधीतरी येऊन गेला. लागण झालेल्यांपैकी साधारण तीस टक्क्यांचं शरीर त्याला स्वतःच हाकलून देतं. तो अजून आहे का, हे फक्त आरएनएची तपासणी सांगते. पहिल्या आणि दुसऱ्या तपासणीतला हा दुवा इजिप्तनं तुटू दिला नाही. विसाव्या शतकात तिथल्या एका कृमिरोगाविरुद्धच्या इंजेक्शन मोहिमांत पुन्हा वापरलेल्या सुयांनी गावंच्या गावं सीनं ग्रासली होती. ऑक्टोबर २०१८ पासून सात महिन्यांत त्या देशानं सुमारे ५ कोटी लोक तपासले, आणि पॉझिटिव्ह निघालेल्याला पुढच्या तपासणीच्या केंद्रावर धाडून औषध फुकट दिलं. आपल्याकडे तपासणी शिबिराचे फोटो पेपरात येतात. त्यातले किती जण दुसऱ्या तपासणीला पोचले याची बातमी माझ्या तरी वाचनात आलेली नाही.

सीच्या गोळ्या संपल्यावर बारा आठवड्यांनी आरएनए पुन्हा तपासतात. सापडला नाही, तर बरे झालात. आधी सिरॉसिस झाला असेल तर सहामाही सोनोग्राफी तरीही सुटत नाही. आणि अँटी-एचसीव्ही बहुतेकांत वर्षानुवर्षं, बरेचदा जन्मभर पॉझिटिव्हच राहतो. पुढे कधी हर्नियाच्या ऑपरेशनआधीच्या तपासणीत ती रेघ पुन्हा उमटेल, वॉर्डातल्या सिस्टरचा चेहरा बदलेल, आणि तेव्हा कामी येईल तो बाराव्या आठवड्याचा आरएनए रिपोर्ट. थर्मल कागदावर असेल तर आजच त्याची झेरॉक्स काढून ठेवा. त्या कागदावरची अक्षरं हळूहळू उडतात.