देव आहे हे पटायला नास्तिकाला नक्की काय दाखवायचं?

"देव मानत नाहीस ना, मग काय दाखवलं तर मानशील ते सांग" असं कुणी विचारलं की भलेभले नास्तिक गडबडतात. "पुरावा द्या" म्हणायला काय जातंय, पण कसला पुरावा, किती, कुणासमोर हे आधी बोलून ठेवलं नाही तर उद्या काहीही दाखवलं तरी "छे, हे नाही चालणार" म्हणायला मोकळे. माझ्या मते ही सरळ लबाडी आहे, आपल्या बाजूच्या माणसाने केली तरी.

आता नुसतं डोळ्यांनी बघितलं म्हणून का चालत नाही ते बघू. २१ सप्टेंबर १९९५ चा दूध पिणारा गणपती आठवतोय ना? सकाळी दिल्लीत सुरू झालं आणि बघता बघता देशभर देवळांबाहेर चमचे घेऊन रांगा, लंडनमध्येसुद्धा तेच. लोक खोटं बोलत नव्हते, चमच्यातलं दूध खरंच कमी होत होतं. चमचा काठोकाठ भरला की पृष्ठताणामुळे दुधाला वर किंचित फुगवटा येतो, तो ओल्या दगडाला टेकला की दूध तिकडे ओढलं जातं, शिवाय हात नकळत थोडा कलतोच, आणि मग पातळ थर होऊन ते मूर्तीच्या अंगावरून खाली उतरतं. पांढऱ्या संगमरवरावर पांढरं दूध दिसणार कसं? शास्त्रज्ञांनी दुधात रंग घातला तेव्हा ओघळ दिसला. घरी पाट्यावर करून बघा, पाटा पण "पितो".

म्हणजे साक्षीदार लाखभर असले तरी उपयोग नाही, चाचणी पाहिजे. आणि अशी चाचणी झालीय, तीही श्रद्धावान मंडळींच्या पैशाने. अमेरिकेत ६ हॉस्पिटलांतले बायपासचे १८०२ पेशंट घेतले, चिठ्ठ्या टाकल्यासारखे त्यांचे तीन गट पाडले. पहिल्या दोन गटांना सांगितलं की तुमच्यासाठी प्रार्थना होईल किंवा होणार नाही, नक्की नाही, आणि त्यातल्या एकाच गटासाठी खरोखर केली. तिसऱ्याला सांगितलं की तुमच्यासाठी नक्की होणार, आणि झालीही. प्रार्थना करणारे ख्रिश्चन गट लांब बसलेले, त्यांच्याकडे पेशंटचं नाव आणि आडनावाचं पहिलं अक्षर एवढंच, आणि मागणं ठरलेलं, की ऑपरेशन नीट होऊ दे, लवकर बरं वाटू दे, गुंतागुंत नको.

२००६ मध्ये निकाल छापून आला. प्रार्थना झालेल्या गटात ५२ टक्के लोकांना काहीतरी गुंतागुंत झाली, न झालेल्या गटात ५१. आणि ज्यांना माहीत होतं की आपल्यासाठी प्रार्थना चाललीय त्यांच्यात ५९! तो योगायोग असू शकतो, किंवा "एवढी वेळ आलीय का माझ्यावर" या टेन्शनने झालं असेल. पण बरोबर उलटं आलं असतं, ५९ च्या जागी ३९ आलं असतं, तर मी तरी खडबडून जागा झालो असतो.

यावर भाविक म्हणतात की पेशंटचे घरचे तर प्रार्थना करतच होते, मग अजिबात प्रार्थना न झालेला कोरा गट कुठला? मुद्दा बरोबर आहे. दुसरं म्हणणं, देव असल्या परीक्षेला बसत नाही. तेही मान्य, पण मग काकांचं ऑपरेशन नीट झालं की "महाराजांची कृपा" हे पुरावा म्हणून सांगायचं नाही, दोन्ही कसं चालेल? निर्गुण निराकार, जगात कशातच हात न घालणारा देव म्हणाल तर तिथे विज्ञानाला बोलायला जागाच नाही, मी त्या वादात पडत नाही.

नियम आधी लिहायचे ही पद्धत पुण्यात जयंत नारळीकर आणि नरेंद्र दाभोलकर यांनी ज्योतिषाच्या चाचणीत वापरली होती, मुलगा हुशार की मतिमंद हे पत्रिकेवरून ओळखायचं. २७ ज्योतिष्यांनी प्रत्येकी ४० पत्रिका पाहून उत्तरं दिली, सरासरी ४६ टक्के बरोबर, नाणं उडवलं तरी ५० येतात.

तर माझी अट ही घ्या लिहून. कापलेला पाय परत उगवला पाहिजे. पालीच्या शेपटीसारखं माणसाचं होत नाही, त्यामुळे "आपोआप बरं झालं" म्हणायची सोय नाही. फ्रान्समधल्या लूर्द या ख्रिश्चन तीर्थक्षेत्री बरं झाल्याचे हजारो दावे आले, त्यातले जेमतेम सत्तरेक चर्चने स्वतः चमत्कार म्हणून मान्य केले, पण पाय उगवल्याचा त्यात एकही नाही. आधीचा एक्सरे, नंतरचा एक्सरे, दोन्ही बाजूंचे डॉक्टर, आणि कुणासाठी प्रार्थना करायची ते चिठ्ठ्या टाकून ठरवायचं.

आणि उगवला तर? तरी लगेच देव म्हणणार नाही, परग्रहावरचे कुणी पुढारलेले डॉक्टरही असू शकतात. पण पंढरपूरला हाक मारली की पाय उगवतो आणि बाकी कुठल्याच नावाने उगवत नाही असा फरक वर्षानुवर्षं आकड्यांत दिसायला लागला तर मी मुकाट्याने वारीला निघेन, मग पुढचं भांडण बाकीच्या देवांच्या भक्तांनी विठोबाच्या भक्तांशी करावं.