अस्सी ते राजघाट : काशीतल्या नौकाविहाराची पार्श्वभूमी

काशीला गेलेला मराठी माणूस पहाटेच्या नावेतून जो देखावा पाहतो, त्यातला बराचसा भाग अठराव्या शतकात उभा राहिला आणि त्यात पेशवे, होळकर, शिंदे व नागपूरकर भोसले या घराण्यांचा वाटा मोठा आहे, हे येथे पुन्हा सांगण्याची गरज नाही. घाटांच्या दगडांविषयी भरपूर लिहिले गेले आहे. त्या दगडांसमोरच्या पाण्याविषयी आणि त्या पाण्यावर नाव चालवणाऱ्यांविषयी मात्र फार कमी लिहिले गेले, म्हणून ही नोंद.

नावेतून घाट पाहत जाण्याची कल्पना मुळात सहलीची नव्हती. अस्सी, दशाश्वमेध, वरुणेच्या संगमावरचे आदिकेशव, पंचगंगा आणि मणिकर्णिका या पाच ठिकाणी एकाच दिवशी स्नान करण्याची जी पंचतीर्थी यात्रा आहे, ती पायी करणे वृद्धांना जड जात असे, आणि ते नावेने जात. निव्वळ मौजेचा नौकाविहार हा श्रीमंतांचा होता. होळीनंतरच्या मंगळवारी सुरू होणाऱ्या ‘बुढवा मंगल’च्या जत्रेत रईस मंडळींचे सजवलेले बजरे, म्हणजे वर खोल्या बांधलेल्या मोठ्या नावा, रात्रभर नदीवर असत आणि त्यांवर गाणे चाले. विसाव्या शतकात हा थाट ओसरला. अलीकडे त्याचे पुनरुज्जीवन झाले असले तरी त्याचे मूळचे आश्रयदाते आता उरलेले नाहीत. आज ज्याला आपण नौकाविहार म्हणतो, तो सामान्य पर्यटकाने भाडे देऊन केलेला तास-दीड तासाचा फेरफटका, आणि तो या दोन्हींपेक्षा वयाने बराच लहान आहे.

नाव चालवणारे मल्लाह, म्हणजे निषाद, केवट, मांझी अशा नावांनी ओळखला जाणारा समाज, पिढ्यान्‌पिढ्या ‘घाटवारी’च्या हिशोबाने काम करत आला आहे. एखाद्या घाटाच्या पायऱ्या उतरून आलेल्या प्रवाशावर पहिला हक्क त्या घाटाच्या घाटवाराचा, आणि तेथे नाव लावणारा दुसरा मल्लाह त्याला मिळकतीतला वाटा देतो. हा हक्क वडिलोपार्जित आहे, भांडणे झाली तर बिरादरी तो मानते, पण सरकारी कायद्याने तो या स्वरूपात कधीच मान्य केला नाही. १८७८ च्या उत्तर हिंदुस्थानातील नौघाटांच्या कायद्याने नदी पार करण्याची सेवा सरकारच्या अखत्यारीत आणून ती लिलावाने ठेक्यावर देण्याची वाट मोकळी केली. कायद्याच्या लेखी ‘घाट’ म्हणजे वसुलीची जागा, मल्लाहाच्या लेखी ‘घाट’ म्हणजे वतन, आणि यात्रेकरूच्या लेखी तीर्थ. एकाच शब्दाचे हे तीन अर्थ आजवर एकमेकांशी जुळलेले नाहीत.

तरीही मल्लाहाचे पोट केवळ प्रवाशांवर नव्हते. मासेमारी होती, समोरच्या पूर्व तीरावर रेती काढून ती नावांनी या तीरावर आणण्याचा धंदा होता आणि उन्हाळ्यात त्याच रेतीत काकडी-कलिंगडाची शेती होती. १९८९ साली रामनगरच्या किल्ल्यापासून राजघाटच्या मालवीय पुलापर्यंतचा सुमारे ७ किलोमीटरचा गंगेचा पट्टा कासवांसाठी अभयारण्य म्हणून घोषित झाला आणि या सगळ्याचा तोल बदलला. नदी शुद्ध करण्याची जी सरकारी योजना १९८६ मध्ये सुरू झाली होती, तिचाच हा भाग होता: अर्धवट जळलेली प्रेते नदीत सोडली जात, ती खाण्यासाठी मांसभक्षी कासवे सारनाथच्या केंद्रात वाढवून येथे सोडण्यात आली. हेतू चांगला होता. पण वन्यजीव कायद्याखालच्या क्षेत्रात रेती काढता येत नाही आणि जाळेही टाकता येत नाही, त्यामुळे मल्लाहाच्या हातात प्रामुख्याने प्रवासी तेवढा उरला. घाटांवर नावांची जी दाटी आज दिसते, तिचे एक कारण या निर्णयात आहे, असे माझे मत आहे. आणि ज्यांच्या उपजीविकेवर तो घाव घालणार होता, त्यांच्या पुनर्वसनाचा विचार निर्णयाबरोबरच व्हायला हवा होता.

या अभयारण्यावरचा वाद नंतर वेगळ्याच अंगाने पेटला. रेती काढणे थांबल्याने पूर्व तीरावर तिचे ढीग वाढले, प्रवाहाचा जोर पश्चिमेला आला आणि घाटांच्या पायथ्याला धोका निर्माण झाला, असे काही नदीतज्ज्ञ मांडत होते. प्रयागराज ते हल्दिया हा १,६२० किलोमीटरचा राष्ट्रीय जलमार्ग क्रमांक १ याच पट्ट्यातून जात होता, आणि २०१८ च्या नोव्हेंबरमध्ये रामनगरला मालवाहतुकीचे बंदर सुरू झाले, तेव्हा हल्दियाहून तेथे येणाऱ्या जहाजाला अभयारण्य ओलांडल्यावाचून गत्यंतर नव्हते. २०२० मध्ये येथील अभयारण्य रद्द करण्यात आले. तीस वर्षे ज्या कायद्याचा धाक दाखवून मल्लाहाची फावडी थांबवली गेली, तो कायदा जहाजांसमोर मात्र बाजूला सारला गेला, ही भावना घाटावर आहे आणि ती खोटी म्हणता येत नाही. २०२१ साली पूर्वेकडच्या रेतीत पाच किलोमीटरहून अधिक लांबीचा कालवा यंत्रांनी खोदला गेला आणि त्याच पावसाळ्यात पुराने तो गिळला.

दरम्यान नावही बदलली. जुनी नाव लाकडी, तिची वल्ही म्हणजे टोकाला फळी ठोकलेला बांबू, आणि तो खुंटीला दोरीने बांधलेला; प्रवाहाविरुद्ध अस्सीकडे जाताना नावाडी काठाला चिकटून जातो, कारण तेथे धार मंद असते, आणि परतताना मधल्या धारेत नाव सोडून देतो. वल्ही पाण्याबाहेर आली की टपटपणारे थेंब ऐकू येतात, इतकी ती शांत असते. पुढे शेतातल्या पंपाला लागतात तशी डिझेल इंजिने नावांवर बसली आणि पहाटेचे घाट त्यांच्या आवाजाने भरले. २०२१ पासून ही इंजिने सीएनजीवर आणण्याची मोहीम चालू झाली, त्यासाठी नदीवरच तरंगते इंधन केंद्र उभारले गेले. धूर नक्कीच कमी झाला.

२०१८ पासून वातानुकूलित क्रूझ सुरू झाल्या, तेव्हा मल्लाहांनी नावा बांधून ठेवून विरोध नोंदवला. २०२३ च्या जानेवारीत येथून दिब्रुगडपर्यंतच्या ५१ दिवसांच्या जलप्रवासाला आरंभ झाला, त्याची चर्चा देशभर झाली. पण घाटवारीच्या दृष्टीने शहरातल्या छोट्या क्रूझ अधिक महत्त्वाच्या आहेत. त्यांचे प्रवासी दक्षिणेला रविदास घाटावर किंवा उत्तरेला नमो घाटावर मोटारीने थेट धक्क्यापर्यंत पोहोचतात. मधल्या जुन्या घाटांच्या पायऱ्या ते उतरतच नाहीत, आणि घाटवाराचा हक्क तर पायऱ्या उतरून आलेल्या प्रवाशावरच चालतो.