ईएससीचा दिवा पेटतो त्यामागचा इतिहास

घसरत्या गाडीचं चित्र असलेला पिवळा दिवा डॅशबोर्डवर पेटून राहिला, की गॅरेजमध्ये स्कॅनर लावला जातो आणि कोडमध्ये ज्या सेन्सरचं नाव येईल तो बदलला जातो. पुष्कळदा पैसे जातात आणि दिवा तसाच राहतो. हा दिवा ईएससीचा, म्हणजे घसरणारी गाडी सावरणाऱ्या इलेक्ट्रॉनिक स्टॅबिलिटी कंट्रोलचा. ही यंत्रणा टप्प्याटप्प्याने, एकावर एक थर चढत तयार झाली आहे. तो क्रम माहीत असेल तर दोष शोधणं खूप सोपं जातं.

पहिला थर एबीएसचा, म्हणजे जोरात ब्रेक दाबला तरी चाकं जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेचा. १९७८ मध्ये बॉशची इलेक्ट्रॉनिक एबीएस मर्सिडीजच्या एस-क्लासमध्ये आली आणि चाकांचा वेग मोजला जाऊ लागला. तेव्हाचा सेन्सर म्हणजे दातेरी चकतीसमोर बसवलेलं चुंबक आणि तारेचं वेटोळं. चकती गंजली किंवा तिच्यात लोखंडाचा कीस अडकला, की सिग्नल बिघडायचा. आता बऱ्याच गाड्यांत ती चकती जाऊन बेअरिंगच्याच एका बाजूला चुंबकीय कडं आलं आहे. असं बेअरिंग उलटं बसवलं, तर सेन्सर चांगला असूनही त्याला काहीच दिसत नाही!

दुसरा थर ट्रॅक्शन कंट्रोलचा, १९८०च्या दशकातला. चाक जागीच गरगरू लागलं तर इंजिनाची ताकद कमी करायची, म्हणून ब्रेकच्या यंत्रणेला इंजिनाशी बोलावं लागलं. म्हणूनच आज अनेक गाड्यांत इंजिनातला बिघाडही हा दिवा पेटवतो.

तिसऱ्या थराचं मूळ स्वीडनच्या बर्फात आहे. १९८९च्या हिवाळी चाचण्यांत मर्सिडीजचे तरुण अभियंते फ्रांक-वेर्नर मोन यांची गाडी घसरून खड्ड्यात गेली. घसरणं ओळखून गाडीने स्वतःच एकेक चाक ब्रेक करावं, ही कल्पना तिथली. बॉशमध्ये आंतोन फान झांटेन यांच्या चमूने ती प्रत्यक्षात आणली आणि १९९५ मध्ये ईएसपी (ईएससीचंच बॉश-मर्सिडीजचं नाव) मर्सिडीजच्या एस-क्लास कूपेमध्ये आली. ऑक्टोबर १९९७ मध्ये स्वीडनमधल्या पत्रकारांच्या चाचणीत, अचानक आडवं आलेलं सांबर चुकवावं तशी वळवताना, छोटी ए-क्लास उलटली. त्यानंतर मर्सिडीजने या छोट्या गाडीलाही ईएसपी सरसकट दिली. महागड्या गाडीतली सोय सामान्य गाडीत येण्याला तिथून वेग आला.

दोष शोधणाऱ्यासाठी हा तिसरा थर सर्वांत महत्त्वाचा. स्टिअरिंग किती वळलंय आणि गाडी खरोखर किती वळतेय, याची तुलना सेकंदाला पंचवीसेक वेळा होते. दोन साक्षी जुळल्या नाहीत आणि गाडी घसरतही नसेल, तर यंत्रणा स्वतःला बंद करून दिवा लावते. म्हणजे कोडमधलं नाव साक्षीदाराचं असतं, गुन्हेगाराचं असेलच असं नाही. अलाइनमेंटनंतर स्टिअरिंग-अँगल सेन्सरचं शून्य नव्याने लावायचं राहिलं, तर कोड गाडीचं वळणं मोजणाऱ्या यॉ सेन्सरच्या नावानेही येऊ शकतो.

स्कॅनरचाही इतिहास आहे. अमेरिकेत १९९६ पासून ओबीडी-२, म्हणजे गाडीने स्वतःचे दोष ठरावीक कोडमध्ये नोंदवण्याची पद्धत, सक्तीचं झालं ते धुराचं प्रदूषण रोखण्यासाठी. त्यामुळे स्वस्त स्कॅनर बहुधा इंजिनाचे ‘पी’ कोडच वाचतात; ब्रेकचे ‘सी’ कोड त्यांना दिसतच नाहीत. ‘यू’ कोड सेन्सरचे नसतात, कंट्रोल युनिट्सच्या आपसातल्या बोलण्याचे असतात. असे कोड झुंडीने आले तर आधी बॅटरीचं व्होल्टेज आणि अर्थिंग पाहावं.

आपल्याकडे सगळ्या नव्या मोटारींना एबीएस एप्रिल २०१९ पासून सक्तीची झाली. ईएससीला खरा जोर ऑक्टोबर २०२३ पासून भारत एनकॅपने, म्हणजे गाड्यांना सुरक्षिततेचे तारे देणाऱ्या चाचणीने दिला: तीन तारे किंवा अधिक हवे असतील तर ती हवीच. त्यामुळे हा दिवा आता लहान गॅरेजांतही रोज दिसणार.

दोष शोधण्याचा माझा क्रम इतिहासाचाच आहे. बॅटरी आणि वायरिंग, चारही टायरांचं माप व हवा, ब्रेक-लाइटचा स्विच, मग स्कॅनरवरच्या लाइव्ह डेटामध्ये चारही चाकांचे वेग. त्यानंतर स्टिअरिंग सरळ धरून कोन शून्याजवळ येतो का ते बघायचं. यॉ सेन्सर सगळ्यात शेवटी: गाडी सपाट जागी उभी असताना त्याचा आकडा शून्याजवळ स्थिर राहत नसेल, तरच त्याला हात लावायचा.