पंपात तुटणारा दोर

देवगडला आमच्या वाडीतल्या एका काकांना न्यूमोनिया झाला आणि कोल्हापूरला नेऊन एक्मोवर, म्हणजे फुप्फुसांचं काम शरीराबाहेर करणाऱ्या यंत्रावर, ठेवावं लागलं. पुढे ट्रकिऑस्टॉमी झाली, म्हणजे गळ्याला भोक पाडून श्वासाची नळी बसवली, तर नळीभोवतीचं गॉज दोन दिवस भिजतच राहिलं. वाडीत निकाल लागला, "गळ्याक भोक पाडल्यानी, आता रगात थांबणा नाय." मुलाने मात्र नेमकं विचारलं: रक्त गोठवणाऱ्या पेशी, म्हणजे प्लेटलेट, दीड लाख, रक्त पातळ ठेवणारं हेपरिनही थांबवलंय, मग रक्त का येतंय?

हे भोक श्वासनलिकेच्या दुसऱ्या-तिसऱ्या कड्याजवळ पाडतात. तिथे थायरॉइडचा मधला पट्टा आणि बारीकसारीक शिरा असतात, म्हणून रक्त बहुधा झिरपतं. पण तेच आत उतरून गोठलं तर नळी तुंबते.

एक्मोत पंप रक्त बाहेर ओढतो आणि प्राणवायू मिसळून परत सोडतो. नळ्यांत गुठळ्या होऊ नयेत म्हणून हेपरिन देतात. ते थांबवलं की काही तासांत उतरतं. पंप मात्र चालूच राहतो, आणि गोम तिथेच आहे.

फॉन विलेब्रँड घटक हे रक्तातलं लांबलचक प्रथिन. 1926 मध्ये फिनलंडच्या एरिक फॉन विलेब्रँड यांनी ऑलंड बेटांवरच्या एका कुटुंबातला रक्तस्रावाचा आजार नोंदवला, त्यावरून हे नाव पडलं. एरवी ते होडीतल्या दोराच्या वेटोळ्यासारखं गुंडाळलेलं वाहतं. शीर कापली की त्याचं टोक जखमेला चिकटतं, वाहत्या रक्ताच्या ओढीने वेटोळं सुटतं आणि वेगात जाणाऱ्या प्लेटलेट त्या दोराला धरून थांबतात. दोर जितका लांब तितकी पकड घट्ट.

पंपात रक्ताला इतका ताण बसतो, की जखम नसतानाच वेटोळं उलगडतं. उलगडला की कापायची जागा उघडी पडते आणि अडॅम्ट्स-13 नावाचं विकर तिथेच घाव घालतं. उरतात तुकडे. प्लेटलेट मोजल्या तर भरपूर, पण धरायला दोर नाही. नेहमीच्या तपासण्यांत हे दिसतही नाही.

एक गोष्ट मनाला लागली. हेपरिन थांबवल्यावर घरच्यांनी कळवलं, देवाचा कौल उजवा मिळेपर्यंत पुढचा उपचार करू नका. त्या वेळात एक्मोच्या नळ्यांत गुठळी होण्याचा धोका वाढत होता. देवाला गाऱ्हाणं घालावं, पण डॉक्टरांचं घड्याळ अडवू नये.

काकांचं रक्त गॉज दाबून धरून आणि एका शिरेला टाका घालून आटोक्यात आलं. पुढच्या आठवड्यात एक्मो काढलं. पंप सुटला की लांब दोर साधारण दिवसाभरात पुन्हा तयार होतात. दुसऱ्या दिवशी मुलाने फोटो पाठवला. नळीभोवतीचं गॉज कोरडं होतं.