सपाट पायाची मुलं आणि बुटातला इनसोल

उभं राहिल्यावर तळव्याची आतली कमान जमिनीला टेकते, त्याला सपाट पाय किंवा फ्लॅट फूट म्हणतात. मूल ओल्या पायाने ओटीच्या कोब्यावरून चाललं की लगेच कळतं, ठशात मधला भाग बारीक न येता अख्खा तळवा उमटतो, आणि मागून पाहिलं तर घोटे आत कललेले दिसतात.

बाळांचे पाय तर जवळजवळ सगळ्यांचेच सपाट असतात, तळव्याखाली चरबी असते, सांधे सैल असतात, कमान साधारण पहिल्या दहा वर्षांत हळूहळू तयार होते, त्यामुळे तीन-चार वर्षांच्या पोराचा पाय बघून घाबरायचं काहीच कारण नाही. चवड्यांवर उभं केल्यावर कमान दिसली तर पाय लवचिक, बहुतेकांचा हाच प्रकार. तेव्हाही दिसली नाही, पाय कडक वाटला किंवा एकाच पायाला दुखत असेल, तर मात्र हाडांच्या डॉक्टरांकडे लवकर जावं.

चालताना टाच टेकून वजन पुढे सरकलं की सपाट पाय जरा जास्तच आत कलतो, आणि चवड्याने जमीन मागे रेटायच्या वेळी हवा तेवढा ताठ होत नाही, मग पोटरी आणि घोट्याजवळचे स्नायू जास्त राबतात आणि काही मुलं लवकर दमतात. इनसोल म्हणजे बुटात तळव्याखाली घालायची गादी, तिचा आतल्या बाजूचा उंचवटा आणि टाचेची खोलगट जागा हे कलणं थोडं कमी करतात, तळव्यावरचा भार वाटला जातो. दुखणाऱ्या पायाला याने आराम पडू शकतो. पण हे सगळं बूट पायात असेपर्यंतच! 1989 साली वेंगर या हाडांच्या डॉक्टरांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1 ते 6 वर्षांच्या मुलांना तीन वर्षं खास बूट आणि इनसोल देऊन पाहिले, काहीच न दिलेल्या मुलांच्या पायातही तेवढीच सुधारणा झाली. म्हणजे दुखत नसेल तर महागडा इनसोल नुसता कमान यावी म्हणून घेऊ नये.

कोकणात तर पायताण ओटीखालीच राहतं, पोरं घरात, अंगणात, पाखाडीवर अनवाणीच, म्हणजे इनसोल वापरला जातो तो शाळेपुरता. आणि त्या अनवाणी फिरण्यावरून मुलांना उगाच ओरडू नये, कर्नाटकातल्या राव आणि जोसेफ या डॉक्टरांनी 1992 साली 2300 मुलांचे ठसे तपासले तेव्हा पायात काहीतरी घालणाऱ्यांत सपाट पाय 8.6 टक्के निघाले आणि अनवाणी मुलांत 2.8 टक्के.

खरी पंचाईत पावसाळ्यात. जून ते सप्टेंबर बूट सुकत नाहीत, शाळेत प्लास्टिकची सँडल जाते आणि तिच्यात इनसोल बसतच नाही, त्यामुळे पायदुखीसाठी लावलेला असेल तर मागे पट्टा असलेली, टाच घट्ट धरणारी सँडल बघावी. बुटातला भिजलेला इनसोल रोज बाहेर काढून पंख्याखाली वाळवावा, चुलीजवळ नको, फोमचा आकार बिघडतो. पाय वाढला की उंचवटा भलत्याच जागी येऊन टोचतो, तेव्हा नवे बूट घेताना जुना इनसोल तसाच आत सरकवू नये.